जाळीचा घुमट

एकोणीसशे सत्तावन्न साली सळया मिळेनात, म्हणून हैबतराव गवंड्याने पौडच्या शाळेचा दोन बोटं जाडीचा काँक्रीटचा घुमट नुसत्या तारेच्या जाळीवर ओतला. टेकू काढायच्या दिवशी एकही गडी आत पाऊल टाकेना. शेवटी तो एकटाच घण घेऊन शिरला. एकच टेकू उरला, तेवढ्यात त्याची बायको लीलाबाई शेजारी येऊन उभी राहिली.

"भाईर जा," तो दरडावला.

"का? जाळी पक्की हाय म्हनलात न्हवं?"

त्याने एकदा वर पाहिलं आणि घण घातला. टेकू निसटला. वरून चिमूटभर धूळ झरली, पण घुमट जागचा हलला नाही.

"तुझा भरवसा बघून हात उचलला गं," तो म्हणाला.

"जाळीतलं मला काय कळतंय?" तिने पदराने घाम पुसला. "तुमच्यामागं एकटीला ऱ्हायचं न्हवतं."