कागदाचे अठरा

खिळा आधीच ठोकलेला होता. त्यावर रिकामी चौकट टांगली होती. काच पुसून लख्ख, मागे पांढरा पुठ्ठा.

"तुमची डिग्री हिच्यात बरोब्बर बसेल," शिलाई कारखान्याचा मॅनेजर म्हणाला. "परवा परवान्याच्या तपासणीला माणूस येतोय. भिंतीवर फायर सेफ्टी शिकलेल्याचं नाव दिसलं की त्याचं समाधान. महिन्याला अठरा हजार, एक तारखेला खात्यात."

"आणि काम?"

"काम कसलं, मॅडम? यायचंच नाही. वर्षातून एकदा या, सही करा, चहा घ्या, जा. बाळ लहान आहे म्हणालात ना? मग हे तर सोन्याहून पिवळं."

डिग्रीची पिशवी तिच्या मांडीवर होती. आग जिना किती वेगाने चढते, धूर माणसाच्या आधी दाराशी कसा पोचतो, हे शिकण्यात चार वर्षं गेली होती. पुढची तीन वर्षं आग विझवायचे सिलिंडर भरून देणाऱ्या दुकानात. उचला, रिकामे करा, भरा, जिने चढून टांगून या. महिन्याला बारा हजार. तिच्या जोडीला शाळा अर्धवट सोडलेला एक जण होता, त्यालाही बाराच. उजवा खांदा आताशा कुशीवर वळू देत नव्हता. आणि आठ महिन्यांचं बाळ दिवसभर आजीकडे राहून आजीचंच झालं होतं. काल तिने घ्यायला हात पुढे केले, तर त्याने आजीच्या मानेत तोंड लपवलं.

अठरा हजार, आणि दिवसभर बाळ मांडीवर.

"एकदा मजला बघून येते," ती म्हणाली.

"बघा की. आता तुमचंच आहे सगळं."

शिलाईच्या मजल्यावर साठ मशीनं एका सुरात चालली होती. कापडाचा कोंडा उजेडात तरंगत होता. ती सवयीने चालत गेली आणि सवयीनेच थबकली. जिन्यापाशी लावलेल्या नकाशात मागचं दार होतं. प्रत्यक्षात त्या जागी कापडाचे गठ्ठे डोक्यापर्यंत रचलेले होते.

शेवटच्या मशीनवर एक बाई बसली होती. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. सगळ्या तिला मावशी म्हणत.

"मावशी, हे दार कधी उघडतात?"

मशीन थांबलं. "कुठलं दार?"

"तुमच्या पाठीमागचं."

मावशीने मान वळवून गठ्ठ्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "अगं बाई! अकरा वर्षं बसते मी इथे. मला वाटलं, भिंतच आहे." मग शेजारणीला कोपर मारून म्हणाली, "ऐकलंस का गं? आपल्याला दार आहे म्हणे!"

"मग इतकी वर्षं घरी जायला उगीच वळसा घालतो होय आपण?" शेजारीण म्हणाली, आणि हसू मशीनमागून मशीन पुढे सरकत गेलं.

तिला हसता येईना. साठ मशीनं, एक जिना.

ती खाली आली तेव्हा मॅनेजर पेन उघडून बसला होता.

"मी रोज आले तर किती द्याल?"

"रोज? रोज कशाला?"

"काम करायला."

त्याने पेनाला टोपण लावलं. "हे बघा. कागदाचे अठरा. कागदासोबत तुम्ही आलात, तर बारा."

"कमी?"

"मग काय! तुम्ही आलात की आज गठ्ठे हलवा, उद्या वायर बदला, परवा सगळ्या बायकांना बाहेर उभं करून शिट्टी वाजवा. माझा माल अडतो. तुमचा कागद गुणी आहे, मॅडम. तोंड उघडत नाही."

तिने बाहेर येऊन आईला फोन लावला. पलीकडे बाळ रडत होतं.

"झालं का गं? किती म्हणाले?"

"घरी बसले तर अठरा. रोज आले तर बारा."

"अगं, मग बस की घरी! एवढं शिकलीस, देव कधी नव्हे तो पावलाय. आणि हे बघ कसं रडतंय, तासभर झाला."

"आई, इथे मागे एक दार आहे. आणि ते दार आहे हे बायकांना माहीतच नाही."

पलीकडून बाळाला थोपटल्याचा आवाज येत राहिला. मग आई हळूच म्हणाली, "संध्याकाळी सुटणार किती वाजता?"

येईन तर रोजच, असं तिने आत जाऊन सांगितलं. परवापर्यंत दुसरी डिग्री आणायची कुठून, म्हणून मॅनेजरने नेमणुकीच्या कागदावरचे अठरा खोडले आणि कुरकुरत बारा लिहिले.

ती पुन्हा वर गेली. कडेच्या रांगेतल्या वरच्या गठ्ठ्याला हात घालून तिने ओढला. खांद्यातून कळ आली. गठ्ठा जागचा हलला नाही. ती तिथेच पाठ टेकून खाली बसली.

"दमलात?" मावशीने विचारलं.

"अजून सुरुवातसुद्धा नाही केली, मावशी."

मावशीने मशीन बंद केलं. "सरका तिकडे."

दोघींनी कडेची रांग उतरवली. चार गठ्ठे उचलून, पाचवा ढकलून. मागे गंजलेली कडी दिसली, आणि दाराखालच्या फटीतून दुपारचा उजेड फरशीवर सरकत आला, दोऱ्याएवढा बारीक.

मावशी पुन्हा मशीनवर बसली. उजेडाची ती रेघ तिच्या पावलांपाशी येऊन थांबली होती. तिने पाहिलं आणि दोन्ही पाय उचलून बाजूला घेतले, कुणाला जायला वाट द्यावी तसे.