साठीच्या वरचा रकाना

मुंबईहून बारा माणसं घेऊन आलेल्या पुतण्याने येसूबाईच्या पडवीत छापील कागद चिकटवला. वयाप्रमाणे रकाने पाडले होते. पोरांना समुद्र, तरण्यांना किल्ला, आणि साठीच्या वरच्यांना दिवसभर नुसता ‘आराम’. साठीच्या वर त्या सगळ्यांत येसूबाई एकटीच. साधा नारळ सोलता येत नाही आणि हा दीडशहाणा तिला आराम शिकवणार! तिने चष्मा लावून कागद खालपर्यंत वाचला. दुपारी एक वाजता सगळ्यांना घरी कोंबडी-वडे. “वडे कोण थापणार रे?” तिने विचारलं. “काय काकी, तुझ्या हातची चव कोणाच्या हाताला येते का!” पुतण्या लाडात आला. येसूबाईने पिठाचा डबा त्याच्या हातात दिला, पायात चपला सरकवल्या आणि ती पोरांच्या आधी गाडीत जाऊन बसली. “तुझ्या साठीला अजून पंधरा वर्षं आहेत,” ती खिडकीतून म्हणाली, “तोवर वडे थाप.”