उलटा वायसर

पंपाचा दांडा ओढला की तळातून बुडबुडे उठायचे, बरणीच्या गळ्याशी फेस धरायचे आणि विरून जायचे. पुन्हा ओढला की पुन्हा. जेवणं झाल्यापासून तिचं हेच चाललं होतं.

"वहिनी, खांदा निखळेल," नणंद म्हणाली. ती मोरीपाशी बसून रिकाम्या बाटल्या उकळत्या पाण्यातून काढत होती. "एवढा गॅस सोड्याच्या बाटलीतही नसतो."

"राहिला तर बाटल्या फुटतील, वन्सं. मागच्या खेपेला कपाटाची काच गेली होती."

"ती दादाच्या घाईमुळे. जन्मात कधी धीर धरलाय त्याने?"

पंप दादाचाच होता. सायकली दुरुस्त करणारा माणूस. चाकात हवा भरायच्या पंपातला वायसर त्याने उलटा बसवला होता; त्यामुळे हा पंप हवा भरायच्या ऐवजी ओढून घ्यायचा. वाईनमध्ये अडकलेला गॅस काढायला घरात दुसरं काही लागत नसे.

ही वाईनही त्याचीच. पिंपातून बरणीत उतरवायला त्याने नळी तोंडात धरली, ओढायला गेला आणि दम पुरला नाही. श्वास उलटा गेला, पिंपात बुडबुडे उठले. दम लागला की तो बायकोचा अंगठा मुठीत आवळून धरायचा. तसा तेव्हाही धरला. मूठ सुटली तेव्हा नळी अजून त्याच्या ओठांत होती.

बरणी मग तिने एकटीने भरली.

नणंदेने एका बाटलीत अर्ध्यापर्यंत वाईन घेऊन दिली. तिने तोंडावर अंगठा दाबला, बाटली हलवली, अंगठा काढला.

फुस्स.

"आहे अजून," ती म्हणाली.

नणंद तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. "वहिनी, तुला तो संपायलाच नकोय."

तिने बाटलीतली वाईन बरणीत परत ओतली.

"उद्या मी गेले की एकटीला ही बरणी हलणार आहे का? आणि बाटल्या फुटल्या तर त्याची शेवटची वाईन फरशीवर जाईल. काढ सगळा. एकदाच काय ते."

तिने दांडा ओढला. बुडबुडे विरळ झाले. मग एकच आला, मोठा, सावकाश. मग काहीच आलं नाही. तरी ती ओढत राहिली.

नणंदेने दुसरी बाटली अर्धी भरून दिली. तिने अंगठा दाबून हलवली. आतून धक्का नाही.

"संपला!" नणंदेने सुस्कारा सोडला. "काढ अंगठा."

"निघत नाहीये."

"गरम पाण्यातली बाटली ना, गार होताना ओढते. थांब, पाणी तापवून आणते. वरून ओतलं की सुटेल." नणंद स्वयंपाकघरात गेली.

बाटली केव्हाच गार झाली होती. अंगठ्याभोवतीची ओढ जराशी सैल पडली, पुन्हा आवळली. पुन्हा सैल पडली, पुन्हा आवळली. आत वाईन अगदी स्थिर होती.

तिने बाटली मांडीवर घेतली. स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज झाला, गॅसची शेगडी पेटली.

"अहो, हळू," ती कुजबुजली. "मी कुठे जातेय?"