पुसलेला आवाज

आई गेल्यावर तिचा आवाज तेवढा एका सीडीवर उरला होता. पुसून पुन्हा भरता येते, तसली सीडी. नऊ वर्षांची असताना आपण तिच्यावर कॉम्प्युटरचे खेळ भरले आणि आईला पुसून टाकलं, हा सल लेकीने पंचवीस वर्षं उराशी बाळगला होता. आज मनाचा हिय्या करून ती दुरुस्तीवाल्यासमोर बसली होती. नखं कुरतडून संपली, तरी बोटं तोंडातून निघत नव्हती. सोबत आलेले बाबा सारखे उठत होते, पुन्हा बसत होते.

“राहू दे ना गं, चल घरी,” ते चौथ्यांदा म्हणाले.

“अहो ताई, हिच्यावरची फाइल पुसली तरी यादीतलं नाव तेवढं जातं,” दुरुस्तीवाला स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला. “खेळ उरलेल्या जागेत बसलेत, मूळ फाइल आत तशीच आहे. हे ऐका.”

“अहो, चालू झालं का हे?” असं विचारत स्पीकरमधून आई हसली. लेकीला हुंदका आवरेना.

“आणि तुम्ही इतकी वर्षं उगाच स्वतःला दोष दिलात,” तो पुढे म्हणाला. “इथे तारखा आहेत बघा. खेळ भरलेत शनिवारी. आवाज त्याआधीच, मंगळवारी कुणीतरी पुसलाय.”

लेक सावकाश बाबांकडे वळली.



“मला तो ऐकवत नव्हता गं,” बाबा म्हणाले, “आणि तू रडत माफी मागायला आलीस, तेव्हा खरं सांगायचं धाडस झालं नाही.”