शब्दापुढे उरलेली रेघ

धाकटीचं लग्न झालं आणि थोरलीला बोलावणं आलं नाही, त्याच वर्षी थोरली पाकिटांवर पत्ते लिहायच्या कामाला लागली.

रंगाच्या दुकानावरची खोली. लांब टेबल, सहा बायका, निळ्या शाईची पेनं. पाकिटात छापील पत्र असे. अभिनंदन, तुमची निवड झाली आहे! मोटार, टीव्ही किंवा सोन्याचं नाणं, यातलं एक बक्षीस नक्की तुमचं. रविवारी अकरा वाजता हॉलवर येऊन घेऊन जा. जो जाई त्याला तीन तास खुर्चीत बसवून डोंगरावरची सुट्टीची घरं गळ्यात मारायचा प्रयत्न होई. शेवटी हातावर प्लास्टिकचं घड्याळ ठेवत. मोटार कुणीच पाहिली नव्हती.

"पत्ता हातानंच का लिहायचा?" तिनं पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"छापील पाकीट केरात जातं, बाई," मालक म्हणाला. "हाताचं असलं की माणसाला वाटतं, कुणीतरी आपली आठवण काढली."

तिचं अक्षर सगळ्यांहून वेगळं. बाकीच्या शब्द लिहून वर रेघ ओढत. ही आधी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं टांगायची. रेघ शब्दापुढे थोडी उरायचीच. ही खोड अण्णांची, तिच्या वडिलांची. अण्णा सुतार. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी लेकीकडून अक्षरं शिकून घेतली, फळीवर, कानामागच्या पेन्सिलीनं. "आधी रेघ, मग काम," ते म्हणत. "रेघेशिवाय खुंटी ठोकायची कुठं?" हसता हसता ती सवय शिकवणारीलाच जडली.

पुढे तिनं स्वतःच्या मनानं लग्न केलं. अण्णा म्हणाले, "हे दार मी माझ्या हातानं केलंय. तुझ्यासाठी आजपासून ती भिंत." नवरा दोन वर्षांत निघून गेला. ती मात्र परत गेली नाही. जसा बाप तशी लेक.

कामाच्या चौथ्या महिन्यात यादीत अण्णांचं नाव आलं. कुठल्यातरी दुकानात कूपन भरलं असणार. पेन थबकलं. आत दोन ओळी घालाव्यात असं फार वाटलं, पण लिहायचं काय? तिनं नुसता पत्ता लिहिला. अक्षर ओळखतील. वाटलं तर शोधत येतील.

कुणी आलं नाही. पुढच्या यादीत त्यांच्या नावापुढे लाल ठिपका मात्र आला. ठिपका म्हणजे हॉलवर आला, बसला, घेतलं काही नाही, पुन्हा बोलवा. तिनं पुन्हा पत्ता लिहिला. पुन्हा ठिपका.

अक्षर ओळखलं नाही, मोटार बरी ओळखली, असं तिच्या मनात आलं. जन्मभर कुणापुढे हात न पसरलेला माणूस आता प्लास्टिकच्या घड्याळासाठी रांगेत उभा राहतो!

"हा बघ, पाच ठिपके," शेजारची चष्मेवाली यादी पाहून हसली. "म्हाताऱ्याला गोवर आलाय."

ते तिला लागलं. यादीतून नाव दोनच कारणांनी निघायचं. माणसानं घर घेतलं तर, नाहीतर माणूस गेला तर. तिनं अण्णांच्या नावापुढे रेघ ओढली आणि तिच्याखाली लिहिलं, मयत. आता त्यांना कुणी फसवणार नाही, कुणी हसणार नाही, एवढं तरी आपण केलं, असं वाटून तिला बरं वाटलं. यादी हॉलवर गेली.

महिनाअखेरीला हॉलवर भाषण ठोकणारा माणूस ती यादी परत घेऊन आला. चहा पिता पिता म्हणाला, "गंमत ऐका. तो पाच ठिपक्यांचा सुतार या खेपेला बिनपत्राचाच आला."

"बक्षिसाला चटावला असेल," चष्मेवाली म्हणाली.

"कसलं बक्षीस! घड्याळसुद्धा कधी घेतलं नाही त्यानं. दर वेळी टेबलावरच्या पोरींपुढे कागद धरायचा. 'बाळ, माझं नाव लिहून दाखव.' पोरगी लिहायची, हा वरची रेघ निरखायचा, मान हलवायचा आणि मागं जाऊन बसायचा. खुर्च्या उचलेपर्यंत दाराकडे डोळे. या खेपेला पोरीनं यादीच त्याच्यापुढे सरकवली. म्हणाली, 'आजोबा, तुम्ही तर वारलात.' हसून हसून पुरेवाट आमची."

"मग?" थोरलीनं विचारलं.

"मग काय! चष्मा लावला. त्या शब्दावरून बोट फिरवलं, पार रेघेच्या टोकापर्यंत. म्हणाला, 'अक्षर तिचंच आहे.' आणि निघून गेला."

थोरली पेन हातात तसंच घेऊन जिना उतरली.

अण्णांच्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. धाकटी आत कपडे आवरत होती. मागं दार लावताना थोरलीचा हात सवयीनं आतल्या कडीकडे गेला. कडी नव्हती. लाकडात स्क्रूची चार भोकं होती.

"पहिलं पाकीट आलं त्याच दिवशी काढली त्यांनी," धाकटी म्हणाली. "म्हणाले, ती केव्हाही येईल, दार वाजवायला लागू नये. तुला कळवणार कुठं गं आम्ही? लग्नाचंही कळवता आलं नाही. तुझा पत्ता होता का कुणाकडे?"

अण्णा त्या रविवारनंतरच्या गुरुवारी सकाळी वारले होते.