भिंतीवरचे क्षार

भूगर्भशास्त्र विभागामागच्या पांढरट भिंतीवर बोट घासून सरांनी ते सरळ चाटलं.

"भिंतीत मुरलेलं पाणी क्षार विरघळवतं आणि उडून जाताना ते बाहेर ठेवून जातं. जिभेला गार लागला तर सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, समजायचा. चाखा सगळ्यांनी! किळस येणाऱ्यांनी प्रॅक्टिकलचे मार्क विसरा."

दुसऱ्याच्या बाटलीतलं पाणीही न पिणारी वर्गातली नाकमुरडी डोळे गच्च मिटून पुढे झाली. तिने भिंतीवर बोट घासून जिभेला टेकवलं.

"गार आहे, सर. पण इथे एवढा सोरा आला कुठून?"

"हाच तर खरा प्रश्न!" सर खूश झाले.

तेवढ्यात पँटच्या चेनशी झटापट करत विभागप्रमुख लगबगीने कोपऱ्यावरून वळले आणि गर्दी बघून थबकले.



"अरेच्चा, आज इथे प्रॅक्टिकल होय? चालू द्या, मी पलीकडच्या भिंतीला जातो."