बामाचा वास

नवऱ्याच्या शर्टाला पुन्हा बामाचा वास येत होता. तिने आधी कॉलर नाकाशी धरली, मग बाही. बाहीला जास्त होता. बाकीच्या बायकांना शर्टावर अत्तर सापडतं, हिच्या नशिबी गुडघेदुखीचं मलम.

"ताईंकडे गेला होतात?"

"आज रविवार ना," नवरा म्हणाला. त्याच्या लेखी एवढं उत्तर पुरेसं होतं.

ताई म्हणजे त्याला पोहायला शिकवणाऱ्या बाई. तो विशीत होता, पाण्याला घाबरायचा, तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या ताईंनी त्याला तलावात उतरवलं. पुढे त्याच तलावावर तो जीवरक्षक म्हणून लागला. ताई निवृत्त झाल्या, दोघांची मैत्री मात्र टिकली. ताईंनी लग्न केलं नव्हतं. एकट्याच राहायच्या, दोन चौक पलीकडे. दर रविवारी तो त्यांच्याकडे जायचा. गळका नळ बघायचा, पत्त्यांचे दोन डाव हरायचा आणि जेवायच्या वेळेला हसत घरी यायचा. त्या हसण्याचा उगम आपल्या घरात नाही, हे तिला सलायचं.

बहिणीजवळ बोलली, तर बहीण हसून हसून बेजार. "सत्तरीच्या म्हातारीवर जळतेस? अगं, तिला धड जिना चढवत नाही."

"जिन्याचं काय घेऊन बसलीस," ती म्हणाली आणि मशीनवर पुन्हा पाय मारू लागली.

ती शिवणकाम करायची. माप घेताना कोण पोट आत ओढतंय, कोण श्वास धरून उभं आहे, हे तिला टेप लावायच्या आधीच कळायचं. स्वतःच्या लग्नातही तिने असंच एक पाहून ठेवलं होतं. ताईंनी नवरदेवाची कॉलर नीट केली आणि चटका बसावा तसा हात मागे घेतला. आईचा हात असता, बहिणीचा असता, तर तिथेच राहिला असता. त्या दिवसापासून संशयाचं भूत तिच्या मानगुटीवर बसलं होतं.

पुढच्या रविवारी नवरा बाहेर पडला आणि थोड्या वेळाने तीही निघाली. मागच्या बोळातून ताईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. स्वतःची लाज वाटत होती, पण पाय हलेनात.

आत ताई खुर्चीत बसल्या होत्या. तो समोर बुटक्या स्टुलावर. ताईंचा पाय त्याच्या मांडीवर होता आणि तो खाली मान घालून त्यांची नखं कापत होता. गुडघे वाकत नव्हते, त्यांचं त्यांना कसं जमणार. नवऱ्याच्या चेहऱ्यावर नेहमीचाच भाव होता, सायकलची चेन बसवताना असतो तसा. तिने तो नीट निरखून पाहिला. तिथे काही नव्हतं.

मग तिने ताईंकडे पाहिलं.

ताई त्याच्या विरळ झालेल्या केसांकडे बघत होत्या. त्यांचा हात उचलला गेला, त्याच्या डोक्यावर अधांतरी थांबला आणि न टेकता परत मांडीवर आला. त्याने वर पाहिलं तशा त्या करवादल्या, "लक्ष देऊन काप. नखं परत येतात, बोटं येत नाहीत."

तो हसला. खिडकीबाहेरून ती मागे फिरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, नवरा कामावर असताना, तिने ताईंचं दार वाजवलं. ताईंनी बस म्हटलं, पण ती बसली नाही.

"ताई, एक विचारू? ह्यांच्यावर तुमचा जीव आहे ना? आईचा असतो तसा नव्हे. मी काय म्हणतेय ते कळतंय तुम्हाला."

ताई हातातली काठी टेकत खुर्चीत बसल्या.

"आहे," त्या म्हणाल्या.

तिने घरून भांडण पाठ करून आणलं होतं. ते एका शब्दात संपलं.

"त्यांना माहीत आहे?"

"नाही. कळायचंही नाही. त्याचा जीव तुझ्यावर आहे, माझी त्याला नुसती सवय आहे." ताईंनी काठी बाजूला ठेवली. "येत्या रविवारपासून येऊ नको म्हणून सांगते त्याला. भाचीकडे राहायला जाते म्हणेन. तुझं नाव येणार नाही."

हेच मागायला ती आली होती. न मागता मिळालं, तर तिला त्यातही काहीतरी खोट वाटली.

"मी तुमच्या घरात येऊन असलं विचारलं. तुम्हाला राग नाही आला?"

"राग कसला," ताई म्हणाल्या. "अगं, तरणाताठा होता तेव्हापासून तो एकटा या घरात येतोय. दार लावलं काय, उघडं ठेवलं काय, शेजारच्यांनी कधी पडदासुद्धा सरकवून पाहिला नाही. सगळे म्हणायचे, ताईंकडे गेलाय, मग काळजी नाही." त्यांनी पदर सारखा केला. "जन्मात माझ्यावर संशय घेतलास तो तू एकटीने."

ती दारापर्यंत गेली, कडीला हात लावला आणि वळली.

"भाचीकडेबिचीकडे काही जायचं नाही. रविवारी येतील ते," ती म्हणाली. "पण माझं लक्ष आहे हं तुमच्यावर."

आणि ताई लाजल्या.